संगीताची पदवी कोणाच्या गळ्यात?

संगीतात बीए व्हायला काय लागतं?

हा सवाल खिशात घालून मी गेल्या उन्हाळ्यात धरमपेठेत गेलो. पहिली पाळी सुटली होती. केसांत कापूस तसाच. झेंडा चौकाच्या पुढं एका गल्लीत, एका बंगल्याच्या माडीवर गाण्याचा क्लास चालतो. नाव सांगत नाही. माझं भांडण त्या क्लासशी नाही, तिथल्या बाईंशी तर नाहीच. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा माझ्याकडं वळवला. नागपूरच्या मे महिन्यात ही काही लहान गोष्ट नाही.

"आधी कुठं शिकलात?"

"कुठंच नाही. पार्टीत गातो. भीमगीतं, कव्वाली."

"म्हणून दाखवा काही."

म्हटलं. त्यांनी तानपुऱ्याची मशीन लावली होती ती बंद केली, कारण माझी पट्टी त्यांच्या पट्टीत बसेना. मी काळी पाचमध्ये गातो. मैदानात गायचं असतं. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे म्हणून पट्टी वर चढते. हे कोणी शिकवत नाही. एकदा भोंगा बंद पडला की ज्याचं त्याला कळतं. बाई ऐकत राहिल्या. मधे त्यांनी डोळेही मिटले, ते मी पाहिलं. मग म्हणाल्या, "आवाज चांगला आहे हो तुमचा. सुराला पक्का आहे. पण फार उघडा लावता. पदवीपर्यंत जायचं असेल तर हे सगळं आधी गळ्यातून काढावं लागेल. दोन-तीन वर्षं त्यातच जातील."

काढावं लागेल!

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पाळी करून आलेला माणूस झोपतोच. पण साच्यावर उभा राहिलो, हजार चात्या एकदम घोंघावू लागल्या, की ते दोन शब्द परत येतात. दोस्तांनो, गळ्यातून काय काढायचं असतं? कफ काढायचा असतो. काटा काढायचा असतो. माझ्या गळ्यात काय आहे?

माझा आजा एम्प्रेस मिलमध्ये होता. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती गिरणी. आता तिथं मॉल आहे. आजा भजनी मंडळात टाळ धरायचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जाऊन आला आणि विठ्ठल सुटला. पण चाली सुटल्या नाहीत. त्याच चालींवर बुद्ध बसला, भीम बसला. माझ्या बापानं त्यात कव्वाली घातली. मी सिनेमाची दोन-चार वळणं घातली, ती काढायला मी कधीही तयार आहे. बाकीचं काढलं तर गळा उरतो कुठं?

तर आता सवालाचं उत्तर. काय लागतं ते मी नंतर चौकशी करून काढलं. आपल्या पोरांना हे माहीत नसतं, आणि माहीत नसणं हीच पहिली चाळणी आहे.

रस्ते दोन. एक गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद प्रथम, विशारद पूर्ण. वर आणखी अलंकार. म्हणजे विशारद म्हणवून घ्यायला सात पायऱ्या. दुसरा रस्ता विद्यापीठाचा. बारावी पास पाहिजे. संगीत मुख्य विषय घ्यायचा. त्याला जोडून गौण विषय, भाषा, पर्यावरण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि असंच पुष्कळ काही. नव्या शैक्षणिक धोरणानं, २०२० च्या, आता सगळं श्रेयांकांवर आणलं आहे. एका सत्राला २० ते २२ श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. वर्गात बसून ऐकलेल्या १५ तासांचा एक श्रेयांक, हातानं-गळ्यानं केलेल्या ३० तासांचा एक. हे आकडे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहेत.

आणि अभ्यास काय? नाद म्हणजे काय, श्रुती म्हणजे काय. बावीस श्रुती, दहा थाट, कोणता राग कोणत्या प्रहरी गायचा. भातखंड्यांची स्वरलिपी आणि पलुस्करांची स्वरलिपी यांतला फरक. गवयांची जीवनचरित्रं. मग गाऊन दाखवायचं: विलंबित ख्याल, द्रुत ख्याल, आलाप, ताना. हातावर टाळी देत त्रिताल, एकताल, झपताल, त्याची दुगुण, चौगुण.

यात वाईट काय आहे? काही नाही. मी यमन ऐकला आहे, भूप ऐकला आहे, माझ्या अंगावर काटा आला आहे. राग कोणाच्या बापाचा नाही. बामणाच्या तर मुळीच नाही. तो सांभाळला मुसलमान उस्तादांनी, पिढ्यानपिढ्या, दरबारात भाकरी मोडत. तो गायला गोव्याच्या कलावंत समाजातल्या बायांनी, ज्यांना त्या वेळची पांढरपेशी घरं उंबऱ्याच्या आत घेत नव्हती. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर कुठून आल्या, ते जीवनचरित्र लिहिणाऱ्या पोरांना विचारा. घराणं सांगतील जयपूर-अत्रौली. घर सांगणार नाहीत.

मग हे शास्त्र कधी झालं? पदवी कधी झाली? विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु नारायण भातखंडे, १८६० चा जन्म, पेशानं वकील, गावोगाव हिंडले, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, लिहून काढल्या, दहा थाटांत राग बसवले, क्रमिक पुस्तकांचे सहा भाग केले. १९२६ साली लखनौला कॉलेज उभं केलं. मोठी कामं आहेत. मी नाकारत नाही. नाकारणारा मी कोण, मला स्वरलिपी अजून नीट वाचता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की हे सगळं माणसांनी केलं, सव्वाशे वर्षांत केलं, आणि करताना आपल्या घरात बसेल एवढंच आत घेतलं. जे बसलं ते शास्त्र. जे दाराबाहेर राहिलं ते लोकसंगीत. त्याच्यावर टीप लिहा. पोवाडा: टीप लिहा. भारूड: टीप लिहा. गोंधळ: टीप लिहा. अरे, आमचं जगणं तुमच्या पेपरात टीप होऊन येतं!

आणि शास्त्र बदलत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला पेटी दाखवा. हार्मोनियम. ही फिरंगी पेटी, हिच्यात मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, म्हणून आकाशवाणीनं १९४० साली तिला बाहेर काढलं. तीस वर्षं रेडिओवर पेटीला बंदी होती. १९७१ पासून ती सैल झाली. आज धरमपेठेत पेटीशिवाय एक क्लास दाखवा. पेटीला आत घ्यायचं ठरवलं, घेतलं. श्रुती कुठं गेल्या? त्यांनी कोणती तक्रार केली?

आमचा ढोलकवाला केरवा वाजवतो. आठ मात्रा. रंग चढला की लग्गी लावतो, दुपटीत जातो, तिहाई मारून समेवर येतो. त्याला यातला एकही शब्द माहीत नाही. समोरच्या पार्टीनं स्टेजवरून सवाल टाकला की तिथल्या तिथं, त्याच वजनात, त्याच काफियात जवाब बांधायचा, चाल न सोडता. रात्रभर. पुस्तकात याला उपज म्हणतात म्हणे. आमच्याकडं याला मुकाबला म्हणतात. आमच्याकडं हुकला की पब्लिक उठून जातं. परीक्षक उठून जात नाही, म्हणून त्याच्यापुढं गाणं सोपं आहे असं माझं मत आहे. पण मार्क शब्दांना आहेत, आणि शब्द त्यांच्याकडं आहेत.

चोखोबाचं बघा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना १३३८ साली भिंत अंगावर कोसळून मेलेला आपला माणूस. देवळाच्या आत जाता आलं नाही, समाधीही पायरीशीच. त्याचे अभंग आज मैफलीत गातात. शाली पांघरून, हातात माईक धरून, एका शब्दावर पाच मिनिटं आळवत गातात. टाळ्या पडतात. चालेल, गा. पण मैफलीनंतर जो झाडू मारायला येतो तोही चोखोबाच आहे, त्याच्या घरात आजही गाणं आहे, ते कोणी ऐकलं का? नागपुरात किसन फागू बनसोड्यांनी १९०७ साली पाचपावलीत मुलींची शाळा काढली, तिला चोखामेळ्याचंच नाव दिलं. ते कवीही होते, एम्प्रेस मिलशीही त्यांचा संबंध होता. आमची गाणी आणि आमची शाळा एकाच घरातून निघाली, एवढं तरी आपल्या पोरांना माहीत असावं.

आता सगळ्यात मोठी गंमत. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ चं. २००५ साली त्याला नाव दिलं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. तुकडोजी महाराज कोण? ज्यांचं शाळेत फार काही शिक्षण झालं नाही असा, खेड्याखेड्यातून खंजिरीवर भजनं गात फिरणारा माणूस. त्यांच्या विचारांशी आपलं सगळं जमतं असं नाही, तो वाद वेगळा. पण विचारा त्या विद्यापीठाला: खंजिरी घेऊन संगीताची पदवी घेता येते का? ज्याच्या नावानं पदवीचा कागद छापता, तो स्वतः खंजिरी घेऊन तुमच्या प्रात्यक्षिकाला बसला, तर त्याला किती मार्क देणार? वरच्या ओळीत त्याचं नाव आणि खाली 'अनुत्तीर्ण', असा कागद निघेल का?

कोणी म्हणेल, एवढं काय त्या पदवीचं? गायचं तर गा की. असं म्हणणाऱ्यानं आमच्या पार्टीतल्या पेटीवाल्या काकांना भेटावं. काका साठीच्या पुढं आहेत. चाळीस वर्षं पेटी वाजवतात. तरुणपणी वस्तीतल्याच एका शाळेत संगीतशिक्षकाची जागा निघाली. काकांनी अर्ज नेला. कारकुनानं विचारलं, विशारदचा कागद? कागद नव्हता. जागा गेली. काका जन्मभर सायकलचे पंक्चर काढत राहिले. त्याच शाळेच्या स्नेहसंमेलनाला पेटी वाजवायला मात्र दर वर्षी काकांनाच बोलावतात. पाचशे रुपये आणि नारळ. ज्याला शिकवायला नेमलं होतं तो बाजूला उभा राहून पोरांच्या रांगा लावतो. पदवी म्हणजे भाकरी, दोस्तांनो. पदवी म्हणजे पेन्शन. हे ज्याच्या घरात आधीपासून आहे त्यानंच म्हणावं की कला पदवीच्या पलीकडं असते.

दहावीतही तेच. शास्त्रीय गायनाच्या परीक्षा दिलेल्या पोराला दहावीला वाढीव गुण मिळतात. लोककलेलाही गुण ठेवले आहेत, नाही असं नाही. पण दाखला आणा, मान्यता असलेल्या संस्थेचा. बापाच्या मांडीवर बसून ढोलकी शिकलेल्या पोरानं दाखला कोणाचा आणायचा? बापाच्या मांडीला मान्यता नाही.

मी काकांबरोबर बसून हिशोब केला. गिरणीत आम्हाला हिशोबाची सवय असते, किती डॉफ निघाले, किती किलो सूत पडलं. वर्षाला कमीत कमी तीस रात्री धरा. जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, बुद्धपौर्णिमा, लग्नं, नामकरणं, पुण्यानुमोदन. रात्रीचे सहा तास. चाळीस वर्षं. झाल्या बाराशे रात्री, सात हजार दोनशे तास. तीस तासांचा एक श्रेयांक, म्हणजे दोनशे चाळीस. तीन वर्षांची पदवी एकशे वीसला. काकांनी दोन पदव्या वाजवून टाकल्या आहेत आणि त्यांच्या हातात कागद म्हणून पंक्चरच्या दुकानाची वीजबिलं आहेत.

काका हसले. म्हणाले, "काऊन रे, आता या वयात मले बीए करतं का?"

म्हटलं, "हाव काका. करून राह्यलो."

हा विनोद नाही. २०२३ साली केंद्रानं राष्ट्रीय श्रेयांक आराखडा काढला. माणूस कामातून, अनुभवातून जे शिकला तेही तपासून श्रेयांकांत धरता येतं, असं त्यात लिहिलं आहे. त्याच साली विद्यापीठ अनुदान आयोगानं कलावंत आणि कारागीर यांना कॉलेजात शिकवायला आणावं म्हणून मार्गदर्शक सूचनाही काढल्या. कागद त्यांचा आहे. आपण तो त्यांच्याच टेबलावर ठेवायचा. मला ठाऊक आहे, हे धोरण आपल्यासाठी आखलेलं नाही. त्यातल्या 'भारतीय ज्ञान प्रणाली'चे दोन श्रेयांक आहेत, ते सक्तीचे. त्या भारतीय ज्ञानात आमचं ज्ञान धरणार का, हा सवाल तिथंच, वर्गात हात वर करून विचारायचा. सत्यशोधक जलसा हे भारतीय ज्ञान आहे की नाही? १९३१ च्या सुमाराला नाशिककडं भीमराव कर्डकांनी उभा केलेला आंबेडकरी जलसा? मोठेपणी अक्षरं शिकून गाणी लिहिणारे वामनदादा? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, ते पाहून चार दिवसांनी गळफास घेणारे विलास घोगरे? तानसेनानं दीपक गायला आणि दिवे लागले, ही दंतकथा पोरं जीवनचरित्रात लिहितात. गाण्यापायी जीव जळलेला माणूस आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेला, त्याचं चरित्र कोणत्या पेपरात आहे?

आता आपल्या लोकांकडं वळतो. धरमपेठेला शिव्या देऊन टाळी घेणं सोपं आहे, ते मीही स्टेजवर करतो.

आपल्यातले काही शिकलेले म्हणतात, बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते इंजिनिअर व्हायला, कलेक्टर व्हायला. पोरं गाण्यात कशाला घालायची? बाबासाहेब स्वतः व्हायोलिन शिकायला बसले होते, तेही आयुष्याच्या उतरणीला, डोक्यावर एवढी कामं असताना. त्यांना कोणी विचारलं नाही की साहेब, याचा समाजाला काय उपयोग. आणि रामजी सुभेदारांच्या घरात कबीर गायला जायचा. त्या घरातून बॅरिस्टर निघाला. गाण्यानं काही अडलं नाही.

दुसरे काही म्हणतात, आपण डफडं टाकलं, गावकीची कामं टाकली, आता तेच कॉलेजात नेऊन बसवायचं? हा प्रश्न खरा आहे. याला फटकन उत्तर देणारा माणूस मला आवडत नाही. गावानं ज्यांच्या गळ्यात डफडं अडकवलं त्यांना विचारून अडकवलं नव्हतं. पाटलाच्या पोराच्या लग्नात पुढं वाजवत चालायचं आणि पंगतीच्या वेळी उकिरड्याजवळ बसायचं. ते टाकलं हे बरोबरच केलं. पण टाकली ती सक्ती. कातड्यात पाप नव्हतं, हातातल्या लयीत पाप नव्हतं. आणि मातंग भावांनी हलगी हातात ठेवली, तर आपण बौद्ध झालेले त्यांच्याकडं कोणत्या नजरेनं बघतो? खरं सांगा. धरमपेठ जशी आपल्याकडं बघते तशीच. त्या बाई मला म्हणाल्या 'काढून टाका', आणि मी गेल्या वर्षी आमच्या तालमीत हलगी घेऊन आलेल्या एका पोराला म्हटलं होतं, "हे आपल्या पार्टीत नको, ते लग्नावरातीतलं वाटतं." मी म्हटलं होतं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर वरचं सगळं लिहायचा मला हक्क नाही.

तिसरी गोष्ट डीजेची. चौदा एप्रिलला डीजेला पैसे आहेत, पार्टीला नाहीत. नागोराव पाटणकरांची कव्वाली ऐकायला रात्र जागवणारी माणसं होती. आता भिंतीएवढे डबे लावून छातीची हाडं हलवतात आणि त्याला मिरवणूक म्हणतात. आपल्या वस्तीत आपलंच गाणं मरत असताना विद्यापीठानं ते जगवावं अशी मागणी करायला तोंड कुठून आणायचं? शिवाय आपल्या पार्ट्यांत बेसूरपणा माजला आहे. पेटी न जुळवता उभे राहतात. आवेश आहे म्हणून सूर माफ, असं नसतं.

आणि एक धोका सांगतो, म्हणजे मागणी करताना डोळे उघडे राहतील. अमेरिकेत टेक्सासमध्ये एक सरकारी कॉलेज होतं, त्याला आज युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सास म्हणतात. १९४७ साली तिथं जॅझची पदवी सुरू झाली. त्या देशातली पहिली. जॅझ हे काळ्यांचं संगीत, दारूच्या गुत्त्यातलं, बदनाम. म्हणून पदवीला ते नाव द्यायची हिंमत झाली नाही, 'डान्स बँड' असं नाव दिलं. आणि पुढचं ऐका. त्या साली त्या कॉलेजात काळ्या पोराला प्रवेशच नव्हता! तो मिळायला १९५० चं दशक अर्धं सरावं लागलं. ज्यांनी जॅझ जन्माला घातला ते फाटकाबाहेर, आणि आत गोरी पोरं जॅझचे पदवीधर. ज्युलियार्ड नावाची न्यूयॉर्कची जगप्रसिद्ध संगीतशाळा आहे, तिथं तर जॅझला आत यायला २००१ उजाडलं. ज्या काळ्या पँथरवरून आपल्या पोरांनी १९७२ ला नाव घेतलं, त्यांच्या देशातली ही गोष्ट.

इतक्या लांब कशाला जाता. दक्षिणेत मृदंगाशिवाय मैफल होत नाही. त्या मृदंगाला जनावराचं कातडं लागतं, गाईचंही, आणि ते कमावून वाद्य घडवणारे बहुतेक दलित ख्रिस्ती. टी. एम. कृष्णा या गवयानं, जो स्वतः ब्राह्मण आहे, त्या घरांवर पुस्तक लिहिलं. २०२० च्या जानेवारीत चेन्नईच्या कलाक्षेत्रानं प्रकाशनासाठी दिलेलं सभागृह ऐनवेळी काढून घेतलं. कातडं चालतं, कातड्याची गोष्ट चालत नाही.

तेव्हा उद्या विद्यापीठानं 'लोकसंगीत विभाग' असा बोर्ड लावला तर लगेच पेढे वाटू नका. आधी विचारा, आत कोण शिकवतो? परीक्षक कोण? भरती कोणाची? मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, शाहीर अमर शेखांच्या नावाचं अध्यासन आहे, म्हणजे हे होऊ शकतं. पण नागपूरला नागपूरचं पाहिजे. खडी गंमत पाहिजे, दंडार पाहिजे, भीमकव्वाली पाहिजे. आणि ते मुख्य विषयात पाहिजे, टिपेत नको. खंजिरी, ढोलकी, हलगी घेऊन प्रात्यक्षिकाला बसता आलं पाहिजे, आणि समोर परीक्षक म्हणून पेटीवाल्या काकांसारखा माणूस पाहिजे, ज्याला पोरगं समेवर चुकलं की शब्दांनी फसवता येणार नाही.

मी त्या बाईंकडं परत गेलो. पावसाळ्यात. फी भरली. म्हटलं, "बाई, यमन शिकवा, स्वरलिपी शिकवा, पाहिजे तेवढी सरगम घोटून घ्या. पण गळ्यातलं मी काही काढणार नाही. त्याच्या शेजारी ठेवीन." बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बघू. आधी षड्ज लावा." लावला. अजून पट्टीवरून आमचं जुळलेलं नाही. त्या पांढरी एक म्हणतात, मी काळी पाचवर जातो, कधी त्या वर येतात, कधी मी खाली. हलगीवाल्या पोराला मी शोधून तालमीला बोलावलं आहे. तो अजून आलेला नाही, त्याचा राग गेला नसणार.

पुढल्या वर्षी आमच्या वस्तीतली तीन पोरं आणि एक पोरगी संगीताला अर्ज भरणार आहेत. चौघांनाही बारावीचा कागद आहे. मला बारावीचा फॉर्म आधी भरावा लागेल, मी दहावीनंतर साच्यावर गेलो. कुलगुरूंच्या नावानं निवेदनाचा मसुदा तयार आहे, काकांच्या दोनशे चाळीस श्रेयांकांचा हिशोब त्याला जोडला आहे. प्रत्येक पार्टीनं आपल्या म्हाताऱ्या गवयांच्या, ढोलकवाल्यांच्या रात्री अशाच मोजून आणाव्यात, फुगवून नको, खऱ्या आणाव्यात. सही करायची असेल त्यानं रविवारी इंदोऱ्याला तालमीच्या जागी यावं. मला या महिन्यात तिसरी पाळी आहे, दुपारी बाराच्या आधी उठवू नका.